तिसरी आंधी

सौंसरच्या कचेरीमागं, तारेच्या कुंपणात, पाऊस मोजायचं एक पत्र्याचं भांडं रोवलेलं होतं. चपराशी गुणवंता ते रोज सकाळी साडेआठला उघडायचा. उन्हाळ्यातही उघडायचा, कारण सरकारला कोरड्या दिवसाचाही आकडा लागतो. १९८७ च्या जूनची चौदा तारीख होती. त्यानं वरचं नरसाळं काढलं, आतून बोट फिरवलं, तर बोटाला पिवळं पीठ लागलं. बेसनासारखं बारीक. त्यानं ते जिभेला टेकवलं.

कुंपणापलीकडं शांताबाईची चहाची टपरी होती. तिथून आवाज आला, "काय वो गुणवंताजी, सरकारचा पाऊस चाटून राहिले का?"

"चाटू द्या. अशी धूळ नाई पाह्यली मी."

"धूळ ते धूळ. माह्या दुधावर पाहा, साय दिसत नाई, हेच दिसते."

"आपली धूळ काळी राह्यते, बाई. वावरातली. हे खारट आहे. कुठची आहे कोणास ठाऊक."

"पाहुणी असन. बसवा, चहा पाजा."

गुणवंता हसला नाही. त्यानं रजिस्टरात शून्य लिहिलं, आणि मग सदऱ्याच्या खिशातून आपली स्वतःची वही काढली.

ही वही सरकारची नव्हती. चोवीस वर्षांपूर्वी नोकरीला लागला तेव्हा आठवी पास गुणवंताला वाटलं होतं, नुसतं पाणी मोजून काय होते, पाण्याआधी काय काय होते तेही लिहावं. वारा कुठून सुटला, आंधी कोणत्या दिवशी आली, किती वेळ राहिली, मागून थेंब पडले का. बायको गेली, मुलगी वच्छला वाढली, लग्न होऊन बोरगावला गेली. वही चालूच होती. एक वही भरली की दुसरी. आणि लिहिता लिहिता त्याला एक हिशेब सापडला. मे सरता सरता आंध्या सुरू होतात. तिसरी आंधी झाली की आठ दिवसांत पाऊस लागतो. एखाद्या साली नऊ, एखाद्या साली सात. पण लागतो.

तीन वर्षांमागं, भर बाजारात, संत्र्यांचे मोठे बागाईतदार यशवंतराव यांनी त्याला थट्टेनं विचारलं होतं, "काय रे, तुह्या डब्ब्यात पाऊस कधी पडते?" गुणवंतानं वही काढून तारीख सांगितली. त्या तारखेला दुपारी तीन वाजता असा पाऊस कोसळला की बाजारातले कांद्याचे ढिगारे वाहून गेले. दुसऱ्या दिवशी यशवंतरावांनी कचेरीत येऊन, साहेबांच्या देखत, त्याला टोपी आणि नारळ दिला. "अहो, हा चपराशी नाई, पंडित आहे," असं म्हणाले.

तेव्हापासून तो पंडित झाला. चाळीशी उलटून गेलेला, कुणाच्या नजरेत न भरणारा माणूस. त्याला लोक सायकलवरून उतरून रामराम करू लागले. ही गोष्ट माणसाच्या अंगात हळूहळू भिनते. टोपी तो रोज घालू लागला.

यंदा पहिली आंधी मेच्या अठ्ठावीसला झाली. दुसरी जूनच्या सहाला. दोन्ही अस्सल. काळं आभाळ, गडगडाट, गार वाऱ्याचा लोट, तासाभराचा धिंगाणा आणि शेवटी चार टपोरे थेंब. तिसरीची सगळे वाट पाहत होते. आणि काल दुपारपासून हे सुरू झालं होतं. ढग नाही, गडगडाट नाही. पश्चिमेकडून एकसारखा कोरडा वारा, आणि आभाळभर पिवळा पडदा. सूर्य पितळेच्या ताटलीसारखा दिसत होता, बिनधारेचा.

वहीवर पेन टेकवून गुणवंता थांबला. ही आंधी म्हणायची का?

रस्त्यावर यशवंतरावांची राजदूत फटफटी थांबली. तोंडाला रुमाल बांधलेला. "काय पंडित, लागली का तिसरी?"

गुणवंतानं वर पाहिलं. टपरीवर चहा पिणारे चौघेजणही त्याच्याकडंच पाहत होते.

"लागली," तो म्हणाला.

"म्हणजे बाविसले पाणी?"

"बाविसले."

राजदूत गेली. त्यानं वहीत लिहिलं: तिसरी.

*

दुपारच्या गाडीनं वच्छला आली. डोक्यावरून पदर, तोंडावरून पदर, फक्त डोळे उघडे, आणि त्यांच्या पापण्यांवरही पिवळं. कचेरीच्या व्हरांड्यात बसून ती आधी तांब्याभर पाणी घटाघट प्यायली.

"जावईबापू नाई आले?"

"ते झाडाजवळ आहेत. बाबा, मी विचारायले आली. पाणी सोडू का?"

बोरगावला वच्छलाच्या सासऱ्यानं लावलेली संत्र्याची एकशेसाठ झाडं होती. सासरा गेला होता. आता झाडं म्हणजे ती आणि तिचा नवरा देवीदास. यंदा पहिल्यांदा झाडं भर वयात आली होती आणि दोघांनी मृगाचा बहार धरला होता. तो धरायची रीत अशी: मे लागला की झाडाचं पाणी बंद करायचं. ताण द्यायचा. झाड तहानतं, पानं चुरमडतात, काही गळतात, आणि मग मृगाचा पाऊस पडला की तहानलेलं झाड एकदम फुलांनी भरून येतं. ताण कमी पडला तर फूल नाही. ताण जास्त झाला तर झाड नाही. मधली जागा अंगठ्याएवढी. तिच्यावर सगळ्या वर्षाचा संसार उभा.

"दीड महिना झाला," वच्छला म्हणाली. "पानं अशी झाली." तिनं पदराच्या गाठीतून एक पान काढलं. सुरळी होऊन विडीसारखं झालेलं. "विहिरीत पाणी आहे. मोटार टाकली तं सगळ्याले एकदा देता येते. दोनदाही येईन."

"अन् पाणी दिलं अन् चार दिवसांनी पाऊस आला तं?"

"तं बहार बिघडते. थोडी फुलं आत्ता, थोडी मागून. समजते मले."

"मग?"

"मग तुमी सांगा ना! तुमच्यासाठीच आली ना मी सहा मैल धूळ खात. शेजारचे दादाजी म्हणतात, ताण तोड पोरी. ते आज मोटार लावून राहिले."

"दादाजीची कोणती वही आहे?"

"ते म्हणतात, मी कोण्या वहीवर शेती नाई करत. झाडाच्या तोंडाकडं पाहून करतो."

गुणवंताला राग आला. त्यानं टोपी सारखी केली. "तिसरी लागली. आठ दिवस थांब. बाविसले पाऊस येईन, अन् तुह्या झाडाले पानापेक्षा फूल जास्त राहीन."

वच्छलानं त्याच्याकडं पाहिलं. आई गेल्यावर चुलीपासून शाळेपर्यंत सगळं ह्याच माणसानं केलं होतं. तिची वेणीसुद्धा तो घालायचा, वाकडीतिकडी. त्यानं सांगितलेली गोष्ट तिनं कधी दुसऱ्याकडून पडताळून पाहिली नव्हती.

"बरं," ती म्हणाली. "मग नाई सोडत."

*

सतरा तारखेला नागपूरहून हवामान खात्याचे साहेब आले. प्रभाकर नावाचा तरुण मुलगाच होता; वर्षातून एकदा येऊन भांडं सरळ आहे का, नळी फुटली का, हे पाहून जायचा. वारा पाचव्या दिवशीही तसाच होता. गुणवंतानं नरसाळ्यातलं पीठ कागदावर काढून ठेवलं होतं. पुडी उलगडून पुढं केली.

"साहेब, हे धूळ कोणाच्या गावची?"

प्रभाकरनं चिमटीत घेऊन चोळली. "मारवाडची, काका. वाळवंटातली. तिथून उडते, वरच्या वाऱ्यावर चढते आणि इथं येऊन उतरते."

"इतक्या दुरून?"

"दूर आपल्याला. वाऱ्याला दोन दिवस."

त्यानं काडी घेतली आणि जमिनीवर रेघा ओढल्या. "हे वाळवंट. हा समुद्र. हे आपण. दरवर्षी वाळवंट तापतं, तिथली हवा हलकी होऊन वर जाते, आणि ती जागा भरायला समुद्रावरची ओली हवा धावते. वाटेत आपण. तोच आपला पाऊस. यंदा ती हवा धावतच नाहीये."

"कायले?"

"पार पलीकडं पॅसिफिक महासागर आहे. तिथलं पाणी तापलंय. वाऱ्यांची सगळी घडीच विस्कटली. समुद्राची हवा आली नाही की मैदान मोकळं. मग हा येतो, पश्चिमेचा कोरडा. वाळवंट पाठीवर घेऊन."

"म्हणजे तिकडं समुद्र तापला म्हणून बोरगावात पाऊस नाई?"

"तसंच समजा."

"कमाल आहे बापा," गुणवंता हळूच म्हणाला. हसण्यावारी न्यायचं होतं, जमलं नाही.

"आणि ही धूळ वर लटकली ना, की ऊन वरच्या वर अडतं. खालची हवा वर चढत नाही. ढग धरणार कसा?"

गुणवंतानं वही काढली. कुणाला दाखवायचा नाही ती पानं त्यानं उघडून दाखवली. प्रभाकर उभ्या उभ्या वाचू लागला, मग खाली बसून वाचू लागला.

"हे तुम्ही लिहिलं? चोवीस वर्षं?"

"हो जी."

"काका, आमच्याकडं शिकलेली माणसं इतकं नीट लिहीत नाहीत." त्यानं पानं उलटली. "तीन आंध्या, मग आठ दिवस. बरोबर आहे तुमचं. त्या आंध्या ढगातून उतरतात. ढग येतो म्हणजे हवेत ओल आली. तुम्ही धूळ नाही मोजली, ओल मोजली." शेवटच्या पानाशी येऊन तो थांबला. "पण ही तिसरी? चौदा तारखेची?"

गुणवंतानं धुळीची पुडी पुन्हा बांधायला घेतली.

"हिच्यात गडगडाट कुठाय? थेंब कुठाय? ही तुम्ही मोजलीच कशी?"

टपरीवर शांताबाई कपबश्या विसळत होती. तिचा हात थांबला होता.

"किती दिवस, साहेब?" गुणवंतानं विचारलं.

"जुलैचा मध्य तरी. पुढंही जाईल. कागदावर नाही देत मी हे, तोंडी सांगतोय."

साहेबांना गाडीत बसवून गुणवंता कचेरीत परतला नाही. रजेचा अर्ज न देता सरळ फाट्यावर गेला. बोरगावची गाडी दोन वाजताची होती. सतरा तारीख, अजून काही बिघडलं नव्हतं. आज संध्याकाळी मोटार सुरू झाली असती तर झाडं वाचत होती. हे त्याला चांगलं ठाऊक होतं. वाटेत त्यानं वाक्यसुद्धा जुळवलं: वच्छे, माही चूक झाली, पाणी सोड.

फाट्यावरच्या निंबाखाली सहा-सात बागाईतदार बसले होते. मध्ये यशवंतराव. त्याला पाहून जागा झाली.

"या पंडित, या. आमी हेच बोलून राहिलो. हा चिंधू म्हणते, पाणी देऊन टाकू. मी म्हटलं, अरे, गुणवंतानं तारीख दिली आहे. काय? बाविस ना?"

चिंधू नावाचा तो शेतकरी कावराबावरा होऊन म्हणाला, "आमचं काही म्हणणं नाई जी. हवा पाहून भेव वाटते, म्हणून."

"भेव काढ याचं," यशवंतराव म्हणाले. "सांग."

सातही तोंडं वर झाली. रुमालांतून, पंच्यांतून डोळे त्याच्यावर खिळले. टोपीच्या आत गुणवंताचं डोकं घामानं निथळत होतं. नाही म्हणायला दोन अक्षरं लागतात. ती त्याच्या जिभेवर होती.

"बाविस," तो म्हणाला.

"घ्या! झालं?" यशवंतरावांनी मांडीवर थाप मारली.

गाडी आली. कंडक्टरनं दार वाजवलं. आता बोरगावला जाऊन लेकीला वेगळं सांगितलं तर संध्याकाळपर्यंत ते या निंबाखाली येऊन पोचणार होतं. पंडित बाजाराले एक सांगते, घरी एक.

"येता का, काका?" कंडक्टर ओरडला.

"नाई. असाच आलो होतो."

*

बाविसला आभाळ भरून आलं. सकाळी शाळेतल्या पोरांनी आरोळी ठोकली, शांताबाईनं टपरीवरची गोणपाटं आत घेतली. गुणवंता कुंपणात उभा राहिला, हात जोडूनच. अकराच्या सुमाराला ते काळं जवळ आलं, आणि त्याचं पिवळं झालं. दिवसा कचेरीत दिवे लावावे लागले. दुपारनंतर मागं उरली ती फक्त दातांखाली करकरणारी धूळ; थेंब एकही नाही.

त्यानंतर तो तीन दिवस कुणाच्या समोर गेला नाही. पंचवीस तारखेला बोरगावला उतरला.

बांधावरून चालताना त्याला दादाजीची बाग हिरवी दिसली. फुलं नव्हती, पण पान होतं. पलीकडं वच्छलाची बाग. लांबून ती जळाल्यासारखी दिसत होती. शेंड्याकडून फांद्या वाळत खाली आल्या होत्या. पायाखाली पानांचा चुरा. वच्छला एका झाडाच्या सालीवर नखानं ओरखडा काढून आत ओल आहे का पाहत होती.

"बाबा, बाविस गेली."

"पाणी सोड."

"आज?"

"आत्ता. आत्ताच सोड, वच्छे."

देवीदास मोटारीकडं धावला. मोटार सुरू झाली. पहिली धार जोरात आली, वच्छलानं तिच्यात हात धरला. वीस मिनिटांत पाणी गढूळ झालं, पंचविसाव्या मिनिटाला मोटार नुसती खाकरायला लागली. विहिरीच्या तळाशी चिखल दिसत होता.

बांधावर दादाजी येऊन उभा राहिला. सत्तरीचा म्हातारा, खोचक बोलायचा. पण आज त्याच्या बोलण्यात खोच नव्हती. "पोरी, झरा एकच आहे आपल्या तिघाच्या विहिरीचा. आमी आठ दिवस उपसला. तू लावली असती तं तुहा वाटा तुले भेटला असता. मी बोललो होतो."

"बोलले होते, मामा," वच्छला म्हणाली.

चाळीस झाडांना तांब्यातांब्यानं पुरेल एवढं पाणी पुढच्या दोन दिवसांत साचलं. कोणत्या चाळीसांना द्यायचं हे वच्छलानं ठरवलं. विहिरीजवळची ओळ घेतली. मागल्या ओळींकडं तिनं पाठ फिरवली, ती शेवटपर्यंत फिरवून ठेवली.

*

पाऊस ऑगस्टमध्ये आला. लोकांनी त्याच्याकडं उशिरा आलेल्या नातेवाइकाकडं पाहावं तसं पाहिलं. मेलेलं झाड ओलं झालं म्हणून जिवंत होत नाही. फांदी मोडली की आत फक्त काडी.

वाळलेली झाडं उभी ठेवली तर कीड लागून हिरवी चाळीसही जातात. म्हणून तोडायला काढली. गुणवंता रजा टाकून गेला. टोपी घरीच होती. देवीदास बुंध्याला करवत लावायचा, वच्छला शेंड्याला दोर बांधायची, आणि गुणवंता दोर ओढायचा. पाचव्या झाडाशी वच्छला दोराची गाठ मारत म्हणाली, "बाबा, ते नागपूरचे साहेब कधी आलते?"

करवत थांबली.

"कोण बोललं?"

"शांताबाई. बाजारात भेटली. कधी आलते?"

"सतराले."

"त्यायनं तुमाले सतरालेच सांगतलं होतं?"

नीट सांगितलं नाही, असं म्हणता येत होतं. इंग्रजीत बोलले, समजलं नाही, असंही. देवीदासनं मान खाली घातली होती. त्यानं ते मानूनही घेतलं असतं.

"सांगतलं होतं," गुणवंता म्हणाला. "सगळं सांगतलं होतं. धूळ मारवाडची आहे, पाऊस जुलैतही नाई, हे सगळं."

"मग आले कायले नाई?"

"निघालो होतो. फाट्यावर पोचलो होतो. तिथी यशवंतराव होते, आणखी सहाजण. त्यायनं चारचौघांत विचारलं. माह्या तोंडून बाविसच निघाली. मग गाडीत बसता नाई आलं."

"माणसं होती म्हणून?"

"हो."

वच्छलानं गाठ ओढून पाहिली. पक्की होती. "सतराले मी विहिरीत दोर टाकून पाह्यला होता," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "दीड माणूस पाणी होतं."

"वच्छे, शिव्या तरी दे."

तिनं दोराचं टोक त्याच्याकडं फेकलं. "वढा."

देवीदासनं करवत चालवली. गुणवंतानं दोर ओढला. झाड कडाडून त्याच्या बाजूला आलं. तो वेळेवर सरकला. वच्छलानं दोर सोडवून घेतला आणि पुढच्या झाडाकडं चालू लागली.

त्या दिवशी चौदा झाडं पडली. दिवस कलल्यावर हातपाय धुऊन गुणवंता नेहमीसारखा चुलीजवळ जाऊन बसायला निघाला. लेकीच्या घरी तो कायम तिथंच बसायचा, भाकर तव्यावरून सरळ त्याच्या ताटात पडायची. दारातच त्याला दिसलं, ताट ओसरीवर वाढून ठेवलं होतं. शेजारी पाट, पाण्याचा तांब्या. पाहुण्याला ठेवतात तसं सगळं व्यवस्थित.

आतून वच्छलाचा आवाज आला, "जेवून घ्या जी. सकाळी लवकर लागायचं आहे. एकशेसहा बाकी आहेत."

गुणवंता ओसरीवर बसला आणि जेवला.